स्लगची सेमी-ऑटो: डॉट ढिला होऊ नये म्हणून

१२ बोअरच्या सेमी-ऑटो शॉटगनवर रेड डॉट (लाल ठिपक्याने नेम दाखवणारी साइट) बसवला, की स्लगच्या, म्हणजे छऱ्यांऐवजी एकाच जड गोळीच्या, दणक्याने रेल (डॉट ज्यावर बसतो ती खाचांची पट्टी) हलते आणि झिरो, म्हणजे ठिपका आणि गोळीचा जुळवलेला मेळ, सरकतो. स्क्रू आणखी आवळणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

१. बेनेली एम४ सारखी रिसिव्हरला (बोल्ट असतो त्या मधल्या सांगाड्याला) स्क्रूसाठी आटे पाडलेली भोकं असलेली बंदूक असेल तर रेल थेट बसवा. कमी उंचीचीच घ्या. उंच रेलवर गाल दस्त्यावरून सुटतो.

२. भोकं आणि स्क्रू अल्कोहोलने पुसून तेल पूर्ण काढा. मग निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू ढिला होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एकच थेंब. लाल नको, तो गरम केल्याशिवाय सुटत नाही.

३. टॉर्क (स्क्रू आवळण्याचा जोर) माउंटच्या पत्रकाप्रमाणे. ॲल्युमिनियमच्या रिसिव्हरचे आटे लगेच जातात.

४. डॉटचा माउंट (त्याला रेलवर धरणारी पकड) रेलच्या खाचेत नळीच्या दिशेला ढकलून धरा, मगच आवळा. बंदूक मागे येताना माउंट पुढे सरकू पाहतो. फट राहिली की तिथेच खेळ सुरू होतो.

वीव्हर आणि पिकाटिनी हे रेलचे दोन प्रकार. वीव्हरचे माउंट बहुधा पिकाटिनीवर बसतात, उलटं नाही.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट (काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग) हाताने मागेपुढे करा. घासला, तर रेलचा स्क्रू लांब आहे.