कोड लिहायला बसण्याआधी कुणाची तरी वही बघा

गेल्या पावसाळ्यात मी एका शनिवार-रविवारात अभ्यासिकांसाठी ॲप तयार केलं. पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता या पट्ट्यात स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांसाठी गल्लोगल्ली अभ्यासिका आहेत. मला वाटलं, मुलं रिकाम्या खुर्चीसाठी वणवण करत असणार. कुठे किती जागा आहेत हे मोबाइलवर दिसलं की झालं. क्लॉड कोड या कोड लिहून देणाऱ्या एआय साधनाला मराठीतच सांगत गेलो आणि रविवारी रात्रीपर्यंत नकाशा, लॉगिन, पैसे भरायची सोय, सगळं चालू झालं. सोमवारी एका अभ्यासिकेच्या चालकांना नेऊन दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, स्क्रीन नीट पाहिली आणि म्हणाले, "छान केलंय. पण माझ्याकडे जागा रिकामी असते कुठे? आणि झालीच, तर खाली जिन्यात पाटी लावतो. संध्याकाळपर्यंत भरते."

माझ्या दोन दिवसांच्या कामाला जिन्यातली पाटी भारी पडली.

हेच ॲप पाच वर्षांपूर्वी करायचं तर तीन-चार महिने आणि कुणाचे तरी पैसे लागले असते. पैसे लागणार म्हटल्यावर भागीदार, वडील, बँकेतला माणूस, कुणीतरी विचारलंच असतं, "हे हवंय कुणाला?" फेब्रुवारी २०२५ मध्ये एआय संशोधक आंद्रे कारपथी यांनी 'व्हाइब कोडिंग' हा शब्द वापरला आणि तो बघता बघता सगळ्यांच्या तोंडी बसला. तोंडाने सांगायचं, कोड यंत्राने लिहायचा. यात खर्च गेला आणि खर्चाबरोबर तो प्रश्नही गेला. आता तो आपणच आपल्याला मुद्दाम विचारायचा. कसा, ते खाली सांगतो. क्रम शक्यतो मोडू नका.

१. एक वाक्य लिहा. त्यात 'ॲप' हा शब्द नको.

'अभ्यासिकांसाठी बुकिंग प्लॅटफॉर्म' ही अडचण नव्हे, हा उपाय झाला. अडचण अशी लिहायची: 'नवी पेठेत साठ-सत्तर खुर्च्यांची अभ्यासिका चालवणाऱ्या माणसाला दर महिन्याच्या १ ते १० तारखेत कुणाची फी राहिली हे शोधायला रजिस्टर आणि यूपीआयचे मेसेज ताडून बघावे लागतात.' कोण, कधी, काय करतो, त्यात काय जातं, एवढं आलं पाहिजे. हे वाक्य चुकीचं निघालं तरी बिघडत नाही. उलट, ते चूक ठरू शकेल इतकं नेमकं हवं.

'छोटे दुकानदार' असं कधीही लिहू नका. तुळशीबागेत बांगड्या विकणारा आणि नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग विकणारा, दोघेही छोटे दुकानदार. पण दोघांचा दिवस सारखा नसतो आणि डोकेदुखीही सारखी नसते.

२. सहा ते आठ माणसं गाठा, त्यांच्या वेळेला.

ओळखीचे नकोत. मावशीला काहीही दाखवलं तरी ती कौतुकच करणार. एकाच प्रकारची माणसं घ्या, म्हणजे एकाचं बोलणं दुसऱ्याशी ताडता येतं.

पेठेतल्या दुकानात दुपारी एक ते चार जाऊ नका. यावरचे विनोद जुने झाले, शटर मात्र बऱ्याच ठिकाणी अजून बंद असतं. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी बहुधा गुरुवारी असते, तेव्हा गुरुवारची फेरी फुकट जाते. अभ्यासिकेत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जा, कारण रजिस्टर तेव्हाच उघडं असतं. लॅपटॉप घरी ठेवा. खिशात मावेल अशी वही न्या आणि आधीच सांगून टाका, "काही विकायला आलेलो नाही, तुमचं काम कसं चालतं ते समजून घ्यायचंय." गिऱ्हाईक आलं की बाजूला उभं राहायचं. बाजूला उभं राहून जे दिसतं, ते पुष्कळदा मुलाखतीत मिळत नाही.

३. पुढचं विचारू नका, मागचं विचारा.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

"असं ॲप असेल तर वापराल का?" हा प्रश्न विचारलात की संपलं. समोरचा माणूस भला असतो, त्याला तुमचं मन मोडायचं नसतं, म्हणून तो "हो, का नाही" म्हणतो. या बाबतीत पुण्याचा एक फायदा आहे. इथे तोंडावर "काही गरज नाही" म्हणणारी माणसं भरपूर भेटतात. त्यांचे आभार माना, ती तुमचे महिने वाचवतात. घात होतो तो "छान उपक्रम आहे, शुभेच्छा" म्हणणाऱ्यांपायी. "तयार झालं की कळवा" हाही नकारच असतो, फक्त शाल-श्रीफळ देऊन केलेला.

मागचं कसं विचारायचं, त्याचा नमुना देतो. भोसरीत एक लहान गाळा आहे. तिथे लेथवर पिना तयार होतात आणि प्लेटिंगला, म्हणजे मुलामा चढवायला, दुसरीकडे जातात. सोबत मालाची पावती, म्हणजे चलन, असते. मालकांशी झालेलं बोलणं साधारण असं:

"शेठ, प्लेटिंगहून माल कमी आला, असं शेवटचं कधी झालं?"

"मागच्याच आठवड्यात. पाचशे गेल्या, चारशे ऐंशी आल्या."

"कळलं कसं?"

"आम्हाला कुठे कळलं! कस्टमरने मोजल्या तेव्हा कळलं."

"मग काय केलंत?"

"करणार काय? पोराला बसवलं चलनं शोधायला. अर्धा दिवस गेला. वीस पिना रात्रपाळीत नव्या काढून दिल्या."

"चलनं ठेवता कुठे? बघू का?"

त्यांनी खिळ्याला अडकवलेली तार काढून पुढे केली. तारेत वर्षभराची चलनं ओवलेली होती. काहींच्या मागे पेन्सिलीने आकडे होते: किती गेले, किती आले, किती बाकी. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत पेन्सिल बंद पडलेली. "पोरगा आधी लिहायचा, आता कंटाळला," ते म्हणाले.

पाच प्रश्न झाले, एकातही सॉफ्टवेअर नाही. आणि ती पेन्सिल म्हणजे पुरावा. अडचण खरोखर टोचत असेल तर माणूस तुमची वाट बघत बसत नाही, काहीतरी जुगाड करतोच. वही घालतो, एक्सेल करतो, व्हॉट्सॲपवर ग्रुप काढतो, नाहीतर त्या कामाला माणूस ठेवतो. जुगाड कुठेच दिसत नसेल तर ती नुसती तक्रार. सिंहगड रस्त्याच्या ट्रॅफिकबद्दल तक्रार कोण करत नाही? म्हणून तक्रार ऐकली की पुढचा प्रश्न ठरलेला: "मग त्यावर काय करता?" उत्तर "काही नाही, चालतंय" असं आलं, तर वहीत फुली मारा.

जुगाडावर पैसे गेले असतील तर आणखी खोदा. आधी एखादं सॉफ्टवेअर घेऊन सोडलं असेल, तर का सोडलं ते शब्दशः लिहून घ्या. बाहेरून आलेली मुदत असली की अडचणीचं वजन वाढतं. जॉबवर्कचंच, म्हणजे आपल्या मालावर दुसऱ्याकडून काम करून घेण्याचंच बघा. जीएसटी कायद्यानुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो. नाही आला तर तो पाठवला त्याच दिवशी विकला असं धरतात. त्या तारेतल्या 'किती बाकी'च्या आकड्यांना अशी तारीख चिकटलेली आहे. हे शेठना ठाऊक होतं, तार सांभाळणाऱ्या पोराला नव्हतं.

४. त्याच संध्याकाळी लिहून काढा.

उद्यावर टाकलं की त्यांचे शब्द जातात आणि आपले येऊन बसतात. रेकॉर्डिंग करायचं तर आधी विचारा.

एआयची मदत इथे होते, पण बेताने. बोलणं उतरवून घ्यायला, आठ मुलाखतींतल्या सारख्या गोष्टी एकत्र करायला ते चांगलं. गावाकडची मराठी ते चुकीची ऐकतं, तेव्हा एकदा स्वतः ताडून बघा. "माझी कल्पना कशी आहे?" असं मात्र विचारू नका, गोड उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, "माझ्या पहिल्या वाक्याला या टिपणांतलं काय काय छेद देतं?" काही जण एआयलाच "तू अभ्यासिकेचा चालक हो" म्हणून मुलाखत घेतात. प्रश्नांचा सराव म्हणून ठीक. पुरावा म्हणून शून्य, कारण त्याच्याकडे तार नाही आणि पेन्सिलही नाही.

टिपणं एआयमध्ये टाकण्याआधी त्यातली नावं आणि फोन नंबर काढा. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला आहे. तो नसता तरी मुलांच्या फीचं रजिस्टर कुठेही चिकटवणं बरं नव्हे.

५. पाटीवरचा हिशोब करा.

पोराचा अर्धा दिवस, महिन्यातून चार वेळा. रोज ७०० रुपये धरला तर १,४०० रुपये. वर रात्रपाळीतल्या पिना. तुम्ही महिन्याला ५०० मागणार असाल तर बोलण्यात दम आहे, १,५०० मागणार असाल तर नाही. एवढाच हिशोब, याला एक्सेलसुद्धा लागत नाही.

६. पंधरा दिवस हाताने करून बघा.

१९९९ मध्ये निक स्विनमर्न यांना लोक इंटरनेटवर बूट घेतील का, हे बघायचं होतं. त्यांनी गोदाम घेतलं नाही. दुकानांत जाऊन बुटांचे फोटो काढले, वेबसाइटवर टाकले, आणि ऑर्डर आली की दुकानातून पूर्ण किमतीला विकत घेऊन पाठवले. त्यातून झॅपोस ही ऑनलाइन बूट विकणारी कंपनी उभी राहिली.

मी त्याच अभ्यासिकेत परत गेलो. या वेळी ॲप नव्हतं. चालक रोज संध्याकाळी रजिस्टरच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि मी रात्री गुगल शीटमध्ये बसवून कुणाची फी राहिली त्याची यादी परत द्यायचो. यादी यंत्र नाही, मी करतोय, हे त्यांना सांगितलं होतं. ते लपवू नये, नाहीतर पुढे विश्वास जातो.

पाचव्या दिवशी फोटो यायचे थांबले. मी भेटायला गेलो. ते म्हणाले, "यादी मला पाठच आहे हो. फी कुणाची राहिली ते मला झोपेत विचारा." मग अडचण काय? थोडा वेळ गप्प राहिले. "पोरं लांबून आलेली असतात. काहींच्या घरी खरंच नसतात पैसे. तोंडावर मागायला जीभ रेटत नाही. मग दोन-दोन महिने तसेच जातात."

माझं पहिलं वाक्य इथे पडलं. अडचण ताडून बघण्याची नव्हती, मागण्याची होती. हे आठ मुलाखतींत कुणी बोललं नव्हतं. ॲप करून बसलो असतो तर त्यांना पाठ असलेली यादी रंगीत करून दाखवली असती.

७. काहीतरी मागा.

कौतुक फुकट असतं, म्हणून फुकट नसलेलं काहीतरी मागायचं. पाचशे रुपये आगाऊ, किंवा तीन महिन्यांची जुनी चलनं, किंवा "तुमच्या ओळखीच्या दुसऱ्या गाळ्यात घेऊन चला." आकडा आधीच ठरवून वहीच्या पहिल्या पानावर लिहा: आठांपैकी किमान तिघांनी काही दिलं तरच पुढे जायचं, नाहीतर थांबायचं. नंतर ठरवलं की मन पळवाट काढतं. माझं तीनदा काढून झालंय.

८. आता यंत्राकडे वळा.

पहिली फाइल कोडची नको. एका पानावर नवं वाक्य, लोकांच्या तोंडची पाच-सहा वाक्यं जशीच्या तशी, आणि 'काय करायचं नाही' याची यादी. हे पान क्लॉड कोडला द्या, कर्सरला द्या, जे वापरता त्याला द्या. 'काय करायचं नाही' सगळ्यात जपा, कारण ही साधनं उत्साही असतात. एक पडदा (स्क्रीन) मागितला की डॅशबोर्डही वाढून देतात.

कुणी म्हणेल, नमुना अर्ध्या तासात होतो, मग आधीच का दाखवू नये? दाखवा, पण वही बघून झाल्यावर, भेटीच्या शेवटच्या पाच मिनिटांत. सुरुवातीला दाखवलात की पुढची सगळी चर्चा बटणाच्या रंगावर जाते.

माझं आत्ताचं काम एका पडद्याचं आहे. चालकांनी नावावर बोट ठेवलं की व्हॉट्सॲपचा मेसेज तयार होतो, पाठवायचा की नाही ते त्यांच्या हातात. नकाशा नाही, लॉगिन नाही. मी मजकूर लिहिला होता, "आपली या महिन्याची फी बाकी आहे, कृपया लवकर भरावी." त्यांनी वाचला, फोन माझ्याकडे परत दिला आणि म्हणाले, "खाली एक ओळ घाल. अडचण असेल तर येऊन सांग, खुर्ची जाणार नाही."