चकचकीत पिस्तूल: निकेलचा मुलामा की पॉलिश मारलेलं स्टेनलेस?

चमकणारं पिस्तूल निकेलच्या मुलाम्याचं आहे की स्टेनलेसचं हे बघायला चुंबक काढला असेल, तर सगळ्यात आधी तो परत खिशात ठेवा. भांड्यांच्या दुकानात आपण चुंबक लावून बघतो आणि चिकटला की म्हणतो माल हलका आहे, ते डब्या-पातेल्यांना ठीक आहे, कारण तिथलं चांगलं स्टील ३०४ नंबरच्या प्रकारचं स्टेनलेस असतं आणि त्याला चुंबक जवळपास धरत नाही. पिस्तुलाला वापरलेलं स्टेनलेस बहुतेक वेळा ४१० किंवा ४१६ सारखं, नाहीतर १७-४ असतं, ही सगळी चुंबकाला चिकटतात. निकेलही चिकटतं आणि निकेलखालचं साधं स्टीलही चिकटतं. म्हणजे चुंबकाने कळणार काहीच नाही, फार तर एवढंच की फ्रेम, म्हणजे पिस्तुलाचा मुख्य सांगाडा, अॅल्युमिनियमची आहे का, जशी स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीच्या मॉडेल ३९ ची असते.

आणि हो, हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे पिस्तूल रिकामं आहे ना ते बघणं. मॅगझिन काढा, स्लाइड (वरचा सरकणारा भाग) मागे ओढून चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, डोळ्यांनी बघा, रिव्हॉल्व्हर असेल तर सिलेंडर (गोळ्यांचा फिरणारा भाग) उघडून एकेक भोक बघा. अमेरिकेत गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या विक्री-प्रदर्शनात, टेबलावरचा माल असेल तर उघडायच्या आधी मालकाला विचारा.

आता खरं काम, आणि ते रंगापासून नाही तर पिस्तूल कोणत्या साली बनलं तिथपासून सुरू होतं. स्टेनलेसची नेहमीच्या उत्पादनातली पहिली रिव्हॉल्व्हर म्हणजे स्मिथ अँड वेसनची मॉडेल ६०, साल १९६५. त्याआधीच्या कारखान्यातल्या मालात कोल्ट कंपनीची सिंगल अॅक्शन आर्मी रिव्हॉल्व्हर असो की जुनी टॉप-ब्रेक (वरून मोडून उघडणारी) स्मिथ, चांदीसारखं चमकतंय म्हणजे ते मुलामा दिलेलंच, त्यात डोकं खाजवायचं कारण नाही. स्टेनलेस स्टीलच मुळात १९१३ च्या आसपासचं, त्यामुळे कोणी एकोणिसाव्या शतकातलं "ओरिजिनल स्टेनलेस" दाखवत असेल तर हसून पुढच्या टेबलाकडे जा. कोल्टच्या पायथन रिव्हॉल्व्हरचंही तसंच, ती १९५५ ला आली, स्टेनलेस १९८० च्या दशकात आलं, म्हणजे सत्तरच्या दशकातली चकचकीत पायथन निकेलच. २०२० ला परत आलेली पायथन मात्र स्टेनलेस. घोळ मधल्या काळात होतो, कारण तेव्हा कोल्टने स्टेनलेसलाच आरशासारखं पॉलिश मारून विकलं, आणि लांबून बघितलं तर शपथ घेऊन सांगाल की निकेल आहे. अशा वेळी सीरियल नंबरवरून साल काढा, मग पुढचं बघा.

स्मिथचं काम सोपं आहे, कारण १९५७ पासून मॉडेल नंबर ठोकायला लागले. सिलेंडर बाहेर काढा आणि योक, म्हणजे सिलेंडर धरणारा हात, जिथे बसतो त्या खाचेत बघा. ३६ असेल तर कार्बन स्टील, म्हणजे वरची चमक मुलाम्याची, आणि ६० असेल तर स्टेनलेस. दोन्ही एकाच अंगाच्या छोट्या पाच गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हर आहेत, आणि सुरुवातीच्या ६० ला कंपनीने इतकं पॉलिश मारलं होतं की शेजारी निकेलची ३६ ठेवली तर भले भले गोंधळतात, नंतर मॅट केलं. बाकीच्या जोड्याही लक्षात ठेवा: १९ ची स्टेनलेस बहीण ६६, १० ची ६४, २९ ची ६२९, ५८६ ची ६८६. नंबर वाचला की निम्मं काम झालं, पण लोक चमक बघत बसतात आणि नंबर वाचतच नाहीत, हे मला कधी कळलेलं नाही.

नंबर नसेल, किंवा विक्रेता म्हणतोय त्यावर विश्वास नसेल, तर पिस्तूल उजेडात न्या. हॉलमधल्या पिवळ्या दिव्यात काहीच कळत नाही. खिडकीशी जा, खाली पांढरा कागद ठेवा आणि शेजारी घरातला चकचकीत स्टीलचा चमचा. निकेल किंचित पिवळसर, उबदार दिसतं, स्टेनलेस राखाडीकडे झुकतं, आणि निळसर गार झाक असेल तर बहुतेक क्रोम आहे, म्हणजे कुणीतरी नंतर करून घेतलेलं. नजर बसायला वेळ लागतो, पण चमचा शेजारी असला की फरक लगेच उठून दिसतो.

मग भिंग काढून कडा बघा. नळीचं तोंड, सिलेंडरची पुढची धार, ट्रिगर गार्डचा खालचा भाग, म्हणजे होल्स्टरमध्ये (पिस्तूल ठेवायच्या म्यानात) घासणाऱ्या जागा. निकेल तिथे झिजतं आणि खालचं गडद स्टील दिसतं, कधी तपकिरी गंजाचे ठिपके, आणि खाली तांब्याचा थर दिला असेल तर तांबूस कडा. कधी पोपडा सुटतो, त्याची कड नखाला लागते. जुन्या निकेलवर दुधाळ ढगही येतात. स्टेनलेसला पोपडा नाहीच, तिथे ओरखडा गेला तर ओरखड्याच्या तळाशीही तोच रंग. कुठेही खोल खरवडलेली जागा सापडली की आधी तिथे बघा.

हॅमर (मागचा घोडा) आणि ट्रिगर बघायला विसरू नका. निकेलच्या स्मिथवर ते साधारणपणे केस-हार्डन केलेले, म्हणजे वरचा थर कडक केलेले, राखाडी-तपकिरी-निळसर छटांचे असतात. जुन्या टॉप-ब्रेकवर तर कारखाना ट्रिगर गार्डही निळाच, म्हणजे ब्लू या निळसर-काळ्या फिनिशचा, ठेवायचा. त्यामुळे हॅमर, ट्रिगर, गार्ड सगळंच एकसारखं लखलखत असेल तर मुलामा नंतर दिलाय असं समजा, आणि संग्राहकाच्या दृष्टीने भाव तिथेच पडला. अक्षरंही बघा, बफवर (पॉलिशच्या चाकावर) घासून परत मुलामा दिला की छापाच्या कडा बसतात, स्क्रूची भोकं बशीसारखी पसरतात, सपाट बाजू गोल होतात.

ग्रिप, म्हणजे मुठीच्या फळ्या, काढायची परवानगी मिळाली तर जुन्या स्मिथवर ग्रिपखाली, नळीच्या खालच्या सपाट भागावर, सिलेंडरच्या मागे एन अक्षर शोधा. एन म्हणजे निकेल, बी म्हणजे ब्लू, म्हणजे बी असलेल्या नळीवर चमक आली कुठून हा प्रश्न विचारायचा. सीरियल नंबरजवळ तारा किंवा ग्रिपखाली आर-एन दिसलं तर ती कारखान्यात परत जाऊन आलेली आहे, घरगुती कामापेक्षा बरी, पण मूळ फिनिश नव्हे. महागाची वस्तू असेल तर स्मिथ अँड वेसन हिस्टॉरिकल फाउंडेशन किंवा कोल्टच्या आर्काइव्हकडून पैसे भरून पत्र मागवा, कोणत्या फिनिशमध्ये बाहेर पडली ते त्यात येतं.

तरीही शंका राहिली तर निकेल अॅलर्जीवाले दागिने तपासायला वापरतात ते टेस्ट किट घ्या. थेंब घातलेला कापसाचा बोळा ग्रिपखाली लपलेल्या जागी हलका घासा, गुलाबी झाला तर निकेल, स्टेनलेसवर सहसा रंग बदलत नाही. त्यात अमोनिया असतो, म्हणून लगेच पुसून थोडं तेल लावा.

आणि हे सगळं होईपर्यंत पॉलिशची ट्यूब उघडू नका. स्टेनलेसवर चमक वाढेल, पण मूळचं मॅट असेल तर तेही घालवून बसाल, निकेलवर तर प्रत्येक घासणीत थर उतरतो. अमोनिया असलेलं बोअर सॉल्व्हेंटही (नळी साफ करायचं द्रव) निकेलवर मुरत ठेवू नका, खाली तांब्याचा थर असेल तर बारीक चिरेतून शिरून ते तांबं खातं आणि वरचा थर सुटतो. साधं तेल आणि मऊ कापड, दोन्हीला चालतं.