घटस्फोटाच्या केसची तारीख स्वतःच बघा
केस टाकली की पुढची तारीख कधी हे विचारायला दरवेळी वकिलांना फोन करावा लागतो आणि ते कोर्टात असले की उचलत नाहीत, आधीच घरात टेन्शन त्यात हे.

१. वकील लावतानाच सांगून ठेवा, केस रजिस्टर झाली की सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा ओळख नंबर, लगेच द्या. अक्षरं-आकडे मिळून १६ असतात, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो.
२. 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' हे सरकारी अ‍ॅप फुकट आहे, त्यात नंबर टाकून केस सेव्ह करा, पुढची तारीख, मागच्या तारखेला काय झालं सगळं दिसतं, कधीकधी ऑर्डरची पीडीएफ पण मिळते.

फक्त अ‍ॅपवर तारीख कधीकधी उशिरा चढते, त्यामुळे आदल्या दिवशी वकिलांना मेसेज टाकून खात्री कराच.