कालवड वेळेवर माजावर आणायची तर

‘वर्षाची झाली की येईल आपोआप माजावर’ असं सांगणाऱ्याला आधी वजनकाट्याजवळ उभं करावं. मांसासाठी पाळलेल्या जातींत नुसतं वय बघून भागत नाही. अंगाची वाढ पुरेशी झाली की मगच मेंदूकडून बीजांडाला जागं करणारं संप्रेरक भराभर सुटू लागतं.

निवड सोपी. वेळेवर गाभण राहणाऱ्या गाईंच्या, हंगामात लवकर जन्मलेल्या कालवडी ठेवा. नराबरोबर जुळी जन्मलेली मादी ठेवू नका. अशा 10 पैकी 9 तरी वांझ निघतात.

मग लक्ष्य ठरवा. कालवड साधारण प्रौढ वजनाच्या 55 ते 65 टक्क्यांवर माजावर येते. वशिंडाच्या जाती उशिरा येतात, त्यांना वरचा आकडा धरा. प्रौढ वजन पुस्तकातलं नको, आपल्याच गाईंचं घ्या.

खरी गोची दूध तोडल्यानंतर होते. समजा गाई 500 किलोच्या आहेत आणि कालवड 7व्या महिन्यात 190 किलोची आहे. 14व्या महिन्यापर्यंत 310 किलो, म्हणजे प्रौढ वजनाच्या 62 टक्के, गाठायचे, तर रोज सुमारे 570 ग्रॅम वाढ हवी. हिशेब सरळ, पण कळपाची सरासरी फसवते. सरासरी 570 दिसते, तेव्हा दावणीवरच्या दांडग्या 800 ने वाढत असतात आणि बारक्या कडेला उभ्या राहून उरलेल्या काड्या चघळत असतात. ह्यात मीही बराच काळ अडकलो होतो. उपाय एकच: वजनानुसार दोन गट, दोन वेगळ्या दावणी, दर महिन्याला काटा. काटा नसेल तर छातीच्या घेराची फीत चालेल, नजरेचा अंदाज मुळीच नको.

‘मग सगळ्यांनाच भरपूर खुराक द्या’ हा दुसरा वाईट सल्ला. वयात येण्याआधी फार लठ्ठ केलेल्या कालवडीच्या कासेत चरबी साठते आणि पुढे तिच्या वासराला दूध कमी पडतं.

भरवण्याच्या, म्हणजे वळू दाखवून किंवा कृत्रिम रेतनाने गाभण करवण्याच्या, महिनाभर आधी पशुवैद्यांकडून गर्भाशय आणि बीजांडं तपासून घ्या. पहिल्याच माजाला भरवण्याची घाई करू नका. तिसऱ्या माजाला गर्भ राहण्याची शक्यता जास्त, आणि माज दर 21 दिवसांनी फिरून येतोच. 15व्या महिन्यात गाभण राहिली तर दोन वर्षांची होताना विते. तपासणीत जिचं गर्भाशय अजून बोटाएवढं बारीक लागतं, तिला मांसाच्या गटात टाका.