बोटं मिटणारे स्नायू आपल्याच हातावर कसे ओळखावेत

‘मूठ आवळा आणि कोपराखाली दाबून बघा’ हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. मूठ आवळली की सगळे स्नायू एकदमच ताठ होतात, त्यातून काहीच कळत नाही. शिवाय धोका आहे. सोलापुरात पानं कापताना विडी कामगार बायकांची बोटं कात्रीनं कापतात, घरोघरी विळीवर कापतात. मूठ मिटतेय ना, मग काही झालं नाही, असं म्हणून वर पट्टी बांधली जाते. पण प्रत्येक बोट वाकवायला दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या, असतात. त्यांतली वरची तुटली तरी खोलच्या कंडरेवर बोट मिटतंच. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या तपासायच्या.

बोटांच्या आत वाकवणारे स्नायू नसतात. ते कोपर आणि मनगटाच्या मधे असतात, बोटांत येतात त्या फक्त त्यांच्या कंडरा. वरचा स्नायू, सुपरफिशिअलिस, मधल्या पेराला जोडलेला. खोलचा, प्रोफंडस, टोकाच्या पेराला. वरची कंडरा बोटात दुभंगते आणि खोलची त्या फटीतून पुढे जाते.

हात टेबलावर ठेवा, तळवा वर, मनगट सरळ.

खोलचा सोपा आहे: मधलं पेर चिमटीत घट्ट धरा आणि फक्त टोक वाकवा. वाकलं की झालं. अंगठ्याचं टोक वाकवणारा स्नायू निराळा, फ्लेक्सर पोलिसिस लाँगस. तोही असाच बघा.

आता वरचा. विद्यार्थी इथेच अडकतात, मीही बरेच दिवस इथेच अडकले होते. मधल्या बोटापासून सुरुवात करा. बाकीची तिन्ही बोटं दुसऱ्या कुणाला तरी टेबलावर सरळ दाबून धरायला सांगा आणि मधलं बोट वाकवा. मधला सांधा वाकेल, टोक मात्र लुळं राहील. त्या टोकाला हलकी टिचकी मारा. ते सैल डुललं पाहिजे. ताठ लागलं तर खोलचा स्नायू मधे घुसलाय, पुन्हा करा.

बाकीची बोटं का धरायची? मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचा खोलचा स्नायू जवळजवळ एकच असतो. शेजारची बोटं ताणून धरली की त्याला एकट्या बोटाला ओढता येत नाही, मग काम वरच्यालाच करावं लागतं. म्हणूनच धरायचं ते टोकाशी, बुडाशी नाही. बुडाशी धरलं तर टोकं वाकायला मोकळी राहतात आणि सगळी तपासणी वाया जाते. घाईत हेच होतं, आणि मग तुटलेली कंडरा शाबूत ठरते.

तर्जनीला ही युक्ती भरवशाची नाही, कारण तिचा खोलचा भाग बहुतेकांत स्वतंत्र असतो. तिथे विडीचं पान किंवा कागद अंगठा-तर्जनीच्या गुबगुबीत भागांत धरा आणि दुसऱ्याला ओढू द्या. टोकाचा सांधा सरळ किंवा किंचित मागे झुकलेला राहिला तर वरचा काम करतोय. टोक आत मुडपलं तर शंका घ्या.

करंगळी एकटी वाकली नाही तर घाबरू नका. अनेकांत तिची वरची कंडरा अनामिकेशी जोडलेली असते किंवा नसतेच. अनामिकाही मोकळी सोडून बघा, दुसऱ्या हाताशी ताडून बघा.

मनगटाच्या मधोमध उठून दिसणारी दोरी बोटं मिटणारी नव्हे. ती पाल्मारिस लाँगस या स्नायूची कंडरा, काही जणांना ती नसतेच.

जखम न होता अनामिका आणि करंगळीचीच टोकं वाकेनाशी झाली, तर कोपराजवळची अल्नर नस (रक्तवाहिनी नव्हे, मज्जातंतू) बघायला हवी. खोलच्या स्नायूच्या त्या अर्ध्या भागाला तीच नस जाते. तर्जनी-मधल्या बोटाच्या भागाला आणि वरच्या सगळ्या स्नायूला मीडियन नस.

आणि ताज्या जखमेवर जोर लावून हे करू नका. अर्धी कापलेली कंडरा ओढताना पूर्ण तुटू शकते. बोट हळूच हलवून बघा, शंका आली तर त्याच दिवशी हाताच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. तुटलेलं टोक तळहाताकडे मागे सरकतं आणि जितका उशीर, तितकं जोडणं अवघड.