मातीतला बीटी शोधताय? पीसीआरच्या आधी स्लाइड बघा

मातीतून कीड मारणारा बॅक्टेरिया काढायचा म्हटलं की पोरं आधी प्रायमर, म्हणजे पीसीआर या डीएनए तपासणीला लागणारे छोटे तुकडे, मागवतात. थांबा जरा. बॅसिलस थुरिंजिएन्सिस, म्हणजे आपला बीटी, आणि फूड पॉयझनिंगवाला बॅसिलस सीरियस हे दोघं इतके सख्खे आहेत की १६एस, म्हणजे जीवाणू ओळखायला वापरतात तो जीन, सिक्वेन्स करूनसुद्धा वेगळे कळत नाहीत. फरक दिसतो क्रिस्टलमध्ये, म्हणजे बीटी बनवतो त्या कीड मारणाऱ्या प्रथिनाच्या खड्यात, तो बघायला साधा मायक्रोस्कोप पुरतो.

वरची माती खरवडून टाका, ५ ते १० सेंटिमीटर खालची घ्या. बीटी फवारलेलं शेत नको, नाहीतर दुकानातलाच स्ट्रेन (वाण) परत हातात येईल. गोदामातली धान्याची धूळ मिळाली तर सोडू नका, बर्लिनरने १९११ मध्ये जर्मनीत हा जीवाणू पिठातल्या पतंगाच्या अळीतूनच वेगळा केला होता.

१ ग्रॅम माती २० मिली एलबी ब्रॉथमध्ये (जीवाणू वाढवायचं पातळ खाद्य), त्यात ०.२५ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, ३० अंशाला ४ तास शेकरवर. अ‍ॅसिटेटमुळे बीटीचे स्पोअर (सुप्त बीजाणू) उगवत नाहीत, बाकीचे बरेच उगवतात, मग ८० अंशाला ३ मिनिटं ठेवलं की उगवलेले मरतात. उरलेलं डायल्यूट करून बिनअ‍ॅसिटेटच्या अगारवर (घट्ट खाद्यावर) पसरायचं.

मळकट पांढऱ्या, कोरड्या, वेड्यावाकड्या कडांच्या कॉलनी उचला आणि ३ दिवस वाढू द्या, घाई केली तर स्पोअरच बनलेले नसतात आणि चांगला स्ट्रेन फुकट जातो. मग स्लाइडवर पातळ थर (स्मिअर) पसरा, कूमासी ब्लूने रंगवा, ऑइल इमर्शनच्या भिंगाखाली बघा. स्पोअरची नुसती कड दिसते, क्रिस्टल गडद निळा. शंकरपाळ्याच्या आकाराचा असेल तर बहुतेक पतंगवर्गीय अळ्यांवर चालतो, गोल असेल तर डासांच्या अळ्यांवर, चपटा चौकोनी असेल तर भुंगेऱ्यांवर. हा फक्त अंदाज हां, निकाल बायोअसेचा, म्हणजे जिवंत अळ्यांवरच्या चाचणीचा.

कोबीचं पान स्पोअर-क्रिस्टलच्या पाण्यात बुडवा, सुकवा, त्यावर दुसऱ्या अवस्थेतल्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्या सोडा. नुसते मुडदे मोजू नका, पान किती खाल्लं तेही लिहा, कारण अळी खायचं आधी थांबवते आणि मरते नंतर. साध्या पाण्याच्या कंट्रोलमध्ये २० टक्क्यांवर मेल्या तर ती बॅच बाद.

स्ट्रेन सूत्रकृमींवर चालतो का हे बघणं जरा किचकट आहे. मूळगाठ सूत्रकृमीची पिल्लं कल्चर फिल्ट्रेटमध्ये (जीवाणू वाढवून गाळून घेतलेला ब्रॉथ) ४८ तास ठेवली आणि काठीसारखी ताठ झाली की लोक लगेच 'मेली' लिहून मोकळे होतात, पण ती स्वच्छ पाण्यात एक दिवस ठेवून बघा, बरीच परत वळवळायला लागतात. बॅक्टेरिया न टाकलेल्या ब्रॉथचा कंट्रोलही हवाच, कधी कधी मीडियाच त्यांना गार करतो. यात टिकलं तर मग टोमॅटोच्या कुंडीत मुळांवरच्या गाठी मोजायच्या.

आणि थुरिंजिएन्सिन, म्हणजे काही बीटी स्ट्रेन ब्रॉथमध्ये सोडतात ते विष, तपासल्याशिवाय स्ट्रेन पुढे नेऊ नका. हे विष उष्णतेने जात नाही आणि सस्तन प्राण्यांनाही घातक आहे. सुपरनेटंट (वाढवलेल्या ब्रॉथचं वरचं नितळ पाणी) ऑटोक्लेव्ह करून, म्हणजे दाबाखालच्या वाफेत तापवून, घरमाशीच्या अळ्यांच्या खाद्यात मिसळा, अळ्या मेल्या किंवा कोषातून माशाच निघाल्या नाहीत तर स्ट्रेन बाद, क्रिस्टल कितीही देखणा असो. पीसीआरचा खर्च यातून वाचलेल्यांवरच करा.