कोकणात प्रॅक्टिस सांभाळून हार्टचं ट्रेनिंग कसं घ्यायचं

डॉक्टर, आधी ठरवा, कार्डिओलॉजिस्ट व्हायचंय की आपल्याकडे येणारे हार्टचे पेशंट नीट सांभाळायचेत. कार्डिओलॉजिस्ट व्हायचं तर मेडिसिनचं एमडी किंवा डीएनबी, मग नीट एसएस ही सुपरस्पेशालिटीची प्रवेश परीक्षा आणि 3 वर्षांचं कार्डिओलॉजीचं डीएम, त्यासाठी गाव सोडावंच लागतं. दुसऱ्या कामासाठी क्लिनिकल कार्डिओलॉजीचे डिप्लोमा, फेलोशिप असतात, फी भरायच्या आधी त्याला नॅशनल मेडिकल कमिशनची मान्यता आहे का बघा, नसेल तरी शिका पण पाटीवर कार्डिओलॉजिस्ट लिहू नका.

सुरुवात एसीएलएसने, म्हणजे हार्ट बंद पडलेल्या पेशंटला वाचवायच्या कोर्सने करा, सर्टिफिकेट 2 वर्षं चालतं. खरा जीव ओता ईसीजीत. राजापूरहून कोल्हापूरची कॅथलॅब, म्हणजे जिथे अँजिओप्लास्टी होते ती, गाठायची तर अणुस्कुरा घाट, पावसात दरड आली की संपलंच. 120 मिनिटांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर ज्या अटॅकमध्ये ईसीजीच्या रेषेचा एसटी हा भाग वर गेलेला असतो त्याला, दुखणं सुरू होऊन 12 तास व्हायच्या आत, गाठ विरघळवायचं इंजेक्शन आपल्यालाच द्यायचंय, म्हणून टेनेक्टेप्लेजचा वजनानुसार डोस आणि ते कुणाला द्यायचं नाही हे तोंडपाठ हवं. दिल्यावरही पेशंटला अँजिओग्राफीला पाठवायचंच.

एक सवय तर लावूनच घ्या. ईसीजीच्या लीड 2, 3 आणि एव्हीएफमध्ये एसटी वर दिसला की डाव्या छातीवरची व्ही4 ची वाटी उचलून उजव्या छातीवर त्याच जागी लावा आणि परत पट्टी काढा. तिथेही एसटी वर असेल तर उजव्या बाजूचा अटॅक आहे, जिभेखाली सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, ठेवू नका, बीपी धाडकन खाली येतं. मी हे एका मोठ्या हॉस्पिटलच्या सीसीयूत, म्हणजे हार्टच्या आयसीयूत, 15 दिवस नुसतं उभं राहून शिकलो, पुस्तकात वाचलेलं तिथे हातात आलं. असे 15 दिवस तुम्हीही मागून घ्या, पावसाळ्यात ओपीडी कमी असते तेव्हा जमतं.

इको, म्हणजे हार्टची सोनोग्राफी, शिकायचं असेल तर मशीन घ्यायच्या आधी पीसीपीएनडीटी या गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखालचं रजिस्ट्रेशन बघा, पोटाच्या सोनोग्राफीसारखंच ते लागतं.

प्रिव्हेन्शन मात्र आपल्याच ओपीडीत शिकायचं. बीपी घ्यायच्या आधी पेशंटला 5 मिनिटं शांत बसवा. दिवसाला मीठ 5 ग्रॅमच्या आत असं सांगून कुणाला काही कळत नाही हो, सुकट, खारे बोंबील, लोणचं, पापड आठवड्यात किती वेळा ते विचारा, आणि बायकांना मिश्रीचं वेगळं विचारा, त्या तिला तंबाखू धरतच नाहीत. एक वही ठेवा, गोळ्या कधी संपणार ती तारीख लिहा आणि 2 दिवस आधी फोन करा. गणपतीला आलेले चाकरमानी गोळ्या मुंबईला विसरून येतात, त्यांचीही नावं त्याच वहीत घ्या.